भाला बघायचा तो बुडाकडून

दुबईत अल कुसैसला राहणारी कितीतरी मराठी कुटुंबं माझ्या ओळखीची आहेत. शाळा जवळ, भाडं त्यातल्या त्यात परवडणारं, शारजाची हद्द हाकेच्या अंतरावर. यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं, की १९७० च्या दशकात याच परिसरात इराकी पुरातत्त्वज्ञांनी तीन हजार वर्षांपूर्वीची आणि त्याहूनही जुनी थडगी उकरली होती. त्यांत ब्राँझचे बाण आणि खंजीर निघाले. जवळच्या एका टेकाडात तर ब्राँझचे छोटे छोटे साप सापडले.

याच भागात एका स्नेह्यांकडे गेल्या हिवाळ्यात जेवायला गेलो होतो. दिवाणखान्याच्या भिंतीवर काचेची चौकट, आत मखमलीवर हिरवा पडलेला भाल्याचा फाळ, खाली छापील चिठ्ठी: ‘केल्टिक, इ.स.पू. ५००’. इंटरनेटवरच्या लिलावात घेतलेला, सोबत प्रमाणपत्रही होतं. “हातात घेऊन बघा की,” असं म्हणत त्यांनी कौतुकानं चौकट उघडली. मी टोक बघायचं सोडून फाळाची मागची बाजू बघितली आणि पानं मांडायच्या आधीच यजमानांचा चेहरा उतरवला.

फाळ ब्राँझचा होता. दांडा बसवायला त्याला नळी नव्हती. मागे उंदराच्या शेपटीसारखा निमुळता भाग होता आणि त्याचं टोक आकड्यासारखं वळवलेलं होतं. इ.स.पू. ५०० च्या सुमारास केल्ट योद्धे भाल्याला लोखंडी फाळ लावत आणि त्याला नळी असे. आकडेदार शेपटीचे ब्राँझचे फाळ इराण, सीरिया, सायप्रस या बाजूला सापडतात, तेही त्याच्या हजाराहून जास्त वर्षं आधीचे.

“मग हा नक्की कुठला?” त्यांनी विचारलं.

“ते आता कोणीच सांगू शकणार नाही. जिथून उपटला ती जागा हरवली.”

त्या संध्याकाळी जे तुटक तुटक बोलणं झालं, तेच इथे जरा नीट लिहितो आहे. अमिरातीत राहणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी संग्रहालयात किंवा वाळवंटात चक्कर मारणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

आधी मागचं बघा

भाल्याचं टोक सगळीकडे सारखंच असतं. दोन्ही बाजूंना धार, पुढे अणी, मधे कणा. अंगात घुसणं हेच काम असल्यामुळे चार हजार वर्षांत त्या आकारात फार खेळ करायला वाव नव्हता. पिंपळपानासारखं, कण्हेरीच्या पानासारखं, उसाच्या पात्यासारखं अशी वर्णनं आपण करतो खरी, पण एकच आकार तीन खंडांत आणि दोन हजार वर्षांच्या अंतरानं सापडू शकतो. कारागिराची खरी अडचण पुढे नसतेच, ती मागे असते. लाकडाला धातू असा कसा जोडायचा, की घाव बसल्यावर दांडा फुटणार नाही आणि ओढून काढताना फाळ समोरच्याच्या अंगात राहणार नाही? हे कोडं प्रत्येक काळानं आपल्या परीनं सोडवलं आणि त्या उत्तरातच काळ ओळखू येतो.

म्हणून काचेसमोर उभं राहिलात की पहिली नजर बुडाकडे टाका. ढोबळमानानं तीन तऱ्हा दिसतील. पहिली शेपटीची: फाळाचा निमुळता भाग दांड्याच्या चिरेत घुसवायचा आणि वरून दोरी किंवा कातडी वादी आवळायची. दुसरी रिव्हेटची: पात्याच्या बुडाला भोकं पाडून खिळ्यांनी ठोकायचं. तिसरी नळीची: फाळाचाच मागचा भाग पोकळ करायचा आणि दांडा त्यात बसवायचा. नळी सगळ्यांत भक्कम, कारण घावाचा जोर लाकडाच्या चिरेवर न येता चारी बाजूंनी वाटला जातो.

नळी दिसली म्हणून तिथेच थांबू नका, ती कशी केली आहे तेही बघा. पत्रा ठोकून गुंडाळलेली असेल तर लांबीभर एक फट दिसते, पापडाच्या गुंडाळीला कडेला दिसते तशी. ही घडीव नळी. फट नसेल आणि नळी चहूबाजूंनी अखंड असेल तर ती ओतीव. ओतीव नळीसाठी दोन भागांचा साचा आणि आत मातीचा गाभा लागतो. म्हणजे तो कारागीर नुसता तांबट राहिला नाही, ओतारीही झाला. घडीव आधीची आणि ओतीव नंतरची असं मात्र डोळे मिटून म्हणू नका. एकाच पिढीत दोन्ही चालत असत.

नळीचं तोंड किती रुंद आहे याकडेही लक्ष द्या, कारण संग्रहालयातल्या पाट्यांवर ‘भाला’ आणि ‘बाण’ यांची सरमिसळ होते. बोरूएवढी काडी मावेल एवढीच नळी असेल तर तो बाण. करंगळीएवढा दांडा बसत असेल तर फेकायची हलकी बरची. अंगठ्याहून जाड दांडा हवा असेल तर हातात धरून खुपसायचा भाला. शेपटीच्या बाबतीत हे इतकं सोपं नाही. वीतभर लांबीचं शेपटीचं पातं खंजिराचंही असू शकतं आणि भाल्याचंही. अशा वेळी अभ्यासकही दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवतात. बुडाशी रिव्हेटची दोन-तीन भोकं असतील आणि पातं रुंद, आखूड असेल तर माझा कौल खंजिराकडे.

दांडा स्वतः जवळजवळ कधीच मिळत नाही. अमिरातीत लग्नात किंवा राष्ट्रीय दिनाला पुरुष समोरासमोर रांगा करून हातातल्या बारीक वेताच्या काठ्या हलवत ‘अल अय्याला’ करतात, ते तुम्ही पाहिलं असेल. २०१४ मध्ये युनेस्कोनं त्याची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली. त्या काठ्या म्हणजे भाले. इथे फाळ नाही, फक्त दांडा उरला आहे. थडग्यांत याच्या नेमकं उलट.

इथलं लोहयुग लोखंडाचं नाही

दुसरा प्रश्न धातूचा. आपल्याकडे लहानपणी तळपायाला काशाची वाटी घासलेली असते, त्यामुळे कासं म्हणजे तांबं आणि कथील हे सांगायला नको. वाटीच्या काशात कथील बरंच, साधारण पाचवा हिस्सा. शस्त्राच्या ब्राँझमध्ये त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी, नाहीतर पातं ठिसूळ होतं. नुसतं तांबं मऊ पडतं. मात्र तांब्यात थोडं आर्सेनिक असलं तरी ठोकून ते चांगलं कडक होतं, आणि ओमानच्या डोंगरातल्या तांब्यात आर्सेनिक आणि निकेल आपसूकच येतात. सुमेरी पाट्यांवर ज्या ‘मगन’ देशाच्या तांब्याचा उल्लेख येतो तो देश हाच, आजची अमिरात आणि ओमान. शारजाच्या डोंगरातल्या वादी अल हिलो इथे कांस्ययुगात तांबं गाळल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. उरच्या एया-नासिर नावाच्या व्यापाऱ्यानं वाईट तांबं दिल्याची, इ.स.पू. १७५० च्या सुमाराची तक्रारपाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो माल दिलमूनमार्गे, म्हणजे बहारीनकडून यायचा. गिऱ्हाइकाचं रडगाणं पावणेचार हजार वर्षं टिकलं, पण त्या तांब्याचं काय झालं ते कोणालाच ठाऊक नाही.

आता अमिरातीतला क्रम. तो ध्यानात ठेवला की निम्म्या पाट्या न वाचताही कळतात.

हफीत काळ, साधारण इ.स.पू. ३२०० ते २७००. अल ऐनजवळच्या जबल हफीतच्या पायथ्याशी दगडांचे उंच ढीग दिसतात, तीच ही थडगी. त्यांत तांबं मोजकंच. पुढचा उम्म अन-नार काळ साधारण इ.स.पू. २००० पर्यंत. अबुधाबीलगतच्या ज्या बेटावरून हे नाव आलं तिथे १९५९ मध्ये डॅनिश पथकानं खणायला सुरुवात केली. गोल, रेखीव दगडी थडगी आणि एकेका थडग्यात पिढ्यान्‌पिढ्यांची शेकडो माणसं. या काळात खंजीर आहेत आणि भाल्याचे फाळही. शारजा आणि उम्म अल कुवैनच्या सीमेवरच्या तेल अब्राकच्या थडग्यात कथील मिसळलेलं ब्राँझही मिळालं, म्हणजे कथील दुरून आणलं जात होतं.

खरा बदल नंतर झाला. इ.स.पू. २००० पासून पुढच्या वादी सूक काळात थडगी लांबट होतात, घरं कमी दिसतात, आणि शस्त्रं मात्र वाढतात. नळीचे हलके फाळ, म्हणजे फेकायची बरची, मोठ्या संख्येनं सापडू लागतात. पुढे लांब तलवारी येतात. अल ऐनच्या कत्तारा मरूद्यानातल्या थडग्यात अशी शस्त्रं निघाली. त्यानंतर ब्राँझचे बाण येतात, एकदोन नव्हे, मुठीमुठीनं. हे का घडलं? लढाया वाढल्या, की थडग्यात शस्त्र ठेवायची रीत वाढली? मला दुसरं कारणही तितकंच खरं वाटतं. मेलेल्या माणसाबरोबर काय ठेवायचं हे घरची माणसं ठरवतात, आणि घरची माणसं लोक काय म्हणतील याचाही विचार करतात.

मग येतं लोहयुग, साधारण इ.स.पू. १३०० ते ३००. इथे भलेभले घसरतात. नाव लोहयुग, पण अमिरातीत या हजार वर्षांतली बहुतेक शस्त्रं ब्राँझचीच आहेत! हे नाव इतर प्रदेशांच्या कालक्रमावरून इथे लावलं गेलं. लोखंड सर्रास वापरात आलं ते त्यानंतर. शारजा विमानतळाजवळच्या मुवैला या लोहयुगीन वस्तीत लोखंडी वस्तू अगदी मोजक्या मिळाल्या. म्हणून अमिरातीतला फाळ ब्राँझचा आहे, एवढ्यावरून तो ‘कांस्ययुगीन’ म्हणणं हा इथला सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत सर्रास होणारा गोंधळ आहे. लोहयुगातल्या बाणांच्या सपाट शेपट्या, उठावदार कणा आणि त्या कण्यावर कोरलेल्या रेघा, फुल्या हीच खरी ओळख. या खुणा मालकाच्या की कारागिराच्या, यावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे.

याच शतकांत आपल्याकडे काय चाललं होतं ते बघा. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांत पुरलेल्या माणसांबरोबर लोखंडाचे भाले, खंजीर, कुऱ्हाडी निघाल्या, आणि नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. डेक्कन कॉलेजचे शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ही कामं केली. विदर्भातला लोहार लोखंड ठोकत होता तेव्हा समुद्रापलीकडचा ओतारी ब्राँझच ओतत होता. धातूवरून काळ ठरवायचा असेल तर आधी जागा विचारावी लागते, ती यासाठी.

अमिरातीच्या लोहयुगात लोखंड कमी, या नियमाला एक मोठा अपवाद आहे, दुबईच्या वाळवंटातलं सारुक अल हदीद. २००२ मध्ये दुबईच्या आजच्या शासकांना हेलिकॉप्टरमधून वाळूवर काळपट डाग दिसले आणि त्यावरून ही जागा उजेडात आली. तिथे धातूची मळी पसरलेली होती. खाली ब्राँझचे बाण, खंजीर, कुऱ्हाडी, साप, सोन्याचे दागिने, आणि इथल्या मानानं अवाक करणाऱ्या संख्येनं लोखंडी तलवारी निघाल्या. तिथल्याच एका सोन्याच्या अंगठीवरून एक्स्पो २०२० चं बोधचिन्ह घेतलं आहे. म्हणजे मेट्रोत, टॅक्सीवर, पाण्याच्या बाटलीवर तुम्ही ते हजारदा पाहिलं असणार. मूळ वस्तू शिंदघाच्या संग्रहालयात बघायला मिळतात. एका काचेच्या कपाटात किती प्रकारचे बाण आहेत ते नुसतं मोजा. तासभर सहज जातो.

इ.स.पू. ३०० नंतर शारजाचं म्लेहा आणि उम्म अल कुवैनचं एद-दूर ही दोन नावं लक्षात ठेवा. आता लोखंड खरंच आलेलं असतं, आणि तीन पंखांचे लोखंडी बाण दिसू लागतात. वरून पाहिलं तर मर्सिडीजच्या चिन्हासारखे. असा बाण दिसला की कांस्ययुगाचा विचार डोक्यातून काढून टाकायला हरकत नाही. म्लेहाच्या केंद्राला जाणार असाल तर हिवाळ्यात जा. शेजारच्या फाया परिसराला २०२५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला आहे, आणि एक दिवस कमी पडतो.

केल्टिक म्हणजे काय, आणि काय नाही

स्नेह्यांच्या चौकटीकडे परत येतो. बाजारात ‘केल्टिक’ ही चिठ्ठी ज्या फाळांना लावतात, त्यांतले पुष्कळसे केल्टिक नसतात. पुरातत्त्वात केल्टांशी जोडली जाणारी संस्कृती म्हणजे आधी ऑस्ट्रियातलं हालश्टाट, साधारण इ.स.पू. ८०० ते ४५०, आणि मग स्वित्झर्लंडमधल्या नॉशातेल सरोवरकाठचं ला तेन, जिथून रोमन सत्ता येईपर्यंतच्या काळाला नाव मिळालं. १८५७ मध्ये पाणी ओसरल्यावर तिथे शस्त्रांचा खच दिसला. हे भाले लोखंडाचे. पातं बहुतेकदा लांब, कधी हातभर, कणा ठसठशीत, नळी आखूड. काहींच्या धारा मुद्दाम नागमोडी केलेल्या. थेम्स नदीत सापडलेल्या अशा एका लोखंडी फाळावर ब्राँझच्या नक्षीचे पत्रे जडवलेले आहेत. तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि लंडनला मुलांकडे जाणाऱ्यांनी तो चुकवू नये.

ब्रिटन-आयर्लंडमधले ब्राँझचे नळीचे फाळ, ज्यांच्या बाजूंना दोरी ओवायला दोन कान असतात, ते याहून कितीतरी जुने, इ.स.पू. १५०० नंतरच्या काही शतकांतले. पुढे कान गेले आणि नळीला आरपार भोक पाडून खुंटी मारायची रीत आली. विक्रेता त्यांनाही ‘केल्टिक’ म्हणतो, कारण ते नाव खपतं. इराणच्या लुरिस्तानचं नावही असंच. १९२० च्या दशकाच्या शेवटी तिथली थडगी लुटली गेली, ब्राँझच्या वस्तू जगभर पसरल्या, आणि तेव्हापासून कुठलंही हिरवं पातं ‘लुरिस्तान’ म्हणून विकता येतं.

लोखंडी फाळाची एक कसोटी मात्र सोपी आहे. युरोपातला किंवा विदर्भातला प्राचीन लोहार लोखंड ओतत नसे. भट्टीतून निघालेला लोखंडाचा गोळा तापवून तापवून घडवत असे. त्यामुळे ब्राँझमध्ये नळी ओतीव, अखंड झाली होती, ती लोखंडात पुन्हा गुंडाळलेली झाली. फट दिसते, किंवा ती ठोकून बुजवलेली कळते. ‘प्राचीन केल्टिक’ म्हणून दाखवलेल्या लोखंडी फाळावर साच्याची शिवण दिसली, तर पाकीट खिशातच ठेवा.

काळ कसा ठरतो

लोक विचारतात, “मशीनमध्ये घालून वय कळत नाही का?” तांब्याला जन्मतारीख नसते. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्रानं धातूत काय काय आहे ते मिनिटभरात कळतं. शिशाच्या समस्थानिकांवरून खनिज कुठलं असेल याचाही अंदाज बांधता येतो. दोन्हींतून वय निघत नाही. शिवाय जुनी भांडी मोडीत घालून नवी करायची आपली रीत जुनीच आहे. वितळवलेल्या धातूत दोन गावांची तांबी एक होतात.

कार्बन-१४ नं वय काढता येतं, पण एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूचंच. नळीत दांड्याचा तुकडा राहिला असेल, शेजारी कोळसा असेल, हाडं असतील, तर. अमिरातीच्या तापलेल्या, खारट जमिनीत हाडांतली प्रथिनं क्वचितच टिकतात, ही इथल्या अभ्यासकांची जुनी डोकेदुखी. लोखंडात लोणारी कोळशाचा कार्बन मिसळलेला असतो, त्यामुळे पोलादी फाळाचं वय थेट काढता येतं; पण त्यासाठी वस्तूचा तुकडा कापावा लागतो आणि संग्रहालयं सहसा तयार होत नाहीत.

म्हणून बहुतेक तारखा आजही शेजाऱ्यांवरून ठरतात. फाळाबरोबर कुठलं मडकं होतं, कुठल्या मण्यांची माळ होती, कुठल्या थराखाली तो होता. यातही एक मेख आहे. आपल्या घरात आजीच्या लग्नातली, नाव कोरलेली घागर अजून पाणी भरते. ती फ्लॅटच्या तारखेची नसते. तसाच आजोबांचा भाला नातवाबरोबर पुरलेला असू शकतो. शिवाय इथली सामायिक थडगी शतकानुशतकं पुन्हा उघडली गेली. फुजैराच्या किद्फा इथल्या थडग्यात दुसऱ्या सहस्रकातल्या आणि लोहयुगातल्या वस्तू एकत्र सापडल्या. कत्ताराच्या बांधणीत तर आधीच्या थडग्यांचे दगड वापरलेले आहेत. ‘अमुक थडग्यातला फाळ’ ही चिठ्ठी म्हणजे पत्ता झाला, तारीख नव्हे. पाटीवर शतकांची रुंद पट्टी दिली असेल तर चिडू नका, ती प्रामाणिकपणाची खूण आहे. ‘इ.स.पू. ५००’ असा गोल आकडा दिसला की माझी भुवई वर जाते.

जागा हरवली की काय होतं याचं आपल्या घरचं उदाहरण दायमाबाद. श्रीरामपूर तालुक्यातल्या प्रवराकाठच्या या गावी १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना तिथल्याच एकाला चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. वजन मिळून साठ किलोंवर. इतकं अप्रतिम ओतकाम भारतात त्या काळात दुसरं नाही. पण त्या शास्त्रीय उत्खननात निघाल्या नव्हत्या, त्यामुळे लगेच वाद पेटला. एका बाजूचं म्हणणं, उत्तर हडप्पा काळच्या. दुसरी बाजू धातूतल्या आर्सेनिकवर बोट ठेवून शंका घेणारी. पुढे सा. अ. साळी यांनी तिथे खणून थर लावून दिले आणि बहुतेकांनी हडप्पाशी नातं मान्य केलं. शंकेखोर तरीही पुरते गप्प झाले नाहीत. खड्डा खणताना कोणी शेजारची मातीही जपली असती, तर एवढी वादावादी लागली नसती.

सापडला तर

हिवाळ्यात वादीत कॅम्प करताना, पावसानंतर डोंगराच्या पायथ्याशी, काही ना काही दिसतंच. गारगोटीचे शेपटीवाले बाण, हिरवट तुकडे, मडक्यांच्या खापऱ्या. दगडी बाण बहुधा सगळ्या धातूंच्या आधीचे, सहा-सात हजार वर्षांपूर्वीचे असतात. हात लावू नका. शेजारी नाणं किंवा किल्ली ठेवून चारी बाजूंनी फोटो काढा, एक फोटो आजूबाजूच्या जागेचा, दूरवरूनही घ्या, फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि त्या त्या अमिरातीच्या खात्याला कळवा: दुबईत दुबई कल्चर, शारजात पुरातत्त्व प्राधिकरण, अबुधाबी आणि अल ऐनसाठी संस्कृती व पर्यटन विभाग, रास अल खैमात पुरावशेष व संग्रहालय विभाग. २०१७ चा संघीय कायदा क्रमांक ११ इथल्या पुरावशेषांना लागू आहे. परवानगीशिवाय खणणं आणि सापडलेलं लपवणं, दोन्ही गुन्हे आहेत. धातुशोधक यंत्र घेऊन फिरायचा छंद इथे करू नका.

खिशात टाकून ‘उद्या कळवू’ हा विचार तर सगळ्यांत वाईट. फाळ तेवढाच राहतो, पण त्याचा शेजार तुम्ही पुसून टाकलेला असतो.

आणि चुकून हाती आलाच, वारशात आला, भेट मिळाला, तर घासू नका. आपल्याला कळंक दिसला की हात शिवशिवतात, चिंच आठवते, पितांबरी आठवते. फाळावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा थर त्याचं कवच आहे. त्यावर फिक्या हिरव्या पिठासारखे ठिपके उमटू लागले तर मात्र सावध व्हा. तो क्षारांचा आजार आहे आणि दुबईच्या दमट हवेत वाढतो. वस्तू कोरड्या, घट्ट बंद डब्यात शुष्क करणाऱ्या पुड्यांबरोबर ठेवा आणि संवर्धकाला दाखवा. नकली हिरवेपणाही ओळखता येतो. तो रंगासारखा सारखा पसरलेला असतो, खाचेत जास्त आणि धारेवर कमी असं काही नसतं, आणि अॅसिटोनचा बोळा फिरवला की बोळाच हिरवा होतो. ही चाचणी आपल्या मालकीच्या, नव्यानं घेतलेल्या वस्तूवरच करा, संग्रहालयात नव्हे. हे लिहायला लागू नये, पण लिहून ठेवतो.

जेवण झाल्यावर स्नेह्यांनी दुसराच विषय काढला. साताऱ्याकडच्या त्यांच्या घरात माळ्यावर पणजोबांचा भाला आहे, लोखंडी, नळी गुंडाळलेली, फट स्पष्ट दिसते म्हणाले. तो इकडे आणून चौकटीत लावावा का? मी सांगितलं, शंभर वर्षांहून जुना असेल तर १९७२ च्या कायद्यानं तो पुरावशेष ठरतो आणि देशाबाहेर नेता येत नाही. जुना नसेल तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागेल, आणि त्यानंतर विमानतळावर शस्त्राचा प्रश्न आहेच. तिथेच राहू द्या. गावी जाल तेव्हा दांडा कशाचा आहे, नळीला खिळा कुठून मारला आहे, कुणी वापरला, कुठल्या जत्रेत मिरवला, हे सगळं म्हाताऱ्या माणसांना विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद भाल्याला बांधून ठेवा.

चौकटीतली चिठ्ठी त्यांनी नंतर बदलली. फोटो पाठवला होता. ‘ब्राँझ. शेपटीचा. पश्चिम आशिया असावा.’ त्याखाली एक ओळ रिकामी सोडली होती.